पाय सुजले म्हणून रक्तदाबाची गोळी बंद करावी का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. कोरेगाव तालुक्यातील एका भगिनीने आपल्या आईबद्दल विचारले आहे. आईंचे वय 58. रक्तदाबासाठी त्या वर्षभर ॲम्लोडिपिनची 5 मिलिग्रॅमची गोळी घेत होत्या. वरचा आकडा 160 च्या आसपास राहू लागल्यामुळे दोन महिन्यांपूर्वी ती 10 मिलिग्रॅम करण्यात आली. त्यानंतर संध्याकाळी पाय सुजू लागले आणि बोटांतली जोडवी रुतू लागली. सूज उतरावी म्हणून गावातील डॉक्टरांनी लघवीची गोळी जोडून दिली. तिने लघवीला वारंवार जावे लागते, रात्री पोटऱ्यांत गोळे येतात, पण सूज जशीच्या तशी आहे. ‘या गोळीने किडनी जाते’ असे शेजारणीने सांगितल्यावर आईंनी आठ दिवसांपूर्वी रक्तदाबाची गोळी आपल्या मनाने बंद केली आणि त्यानंतर त्यांना काहीच त्रास जाणवलेला नाही. किडनी खरोखर बिघडली आहे का आणि गोळी आता बंदच ठेवावी का, असे विचारले आहे.

तुम्ही केलेल्या वर्णनावरून ही सूज बहुधा किडनीची नसून गोळीच्या वाढवलेल्या मात्रेची आहे. तरीही लघवीची आणि रक्ताची एक साधी तपासणी करून घ्यावी, कारण पत्रावरून निदान होत नाही. औषध बंद करून बसणे हा यावरचा उपाय नाही. मात्रा खाली आणून जोडीला दुसऱ्या प्रकारचे औषध घेणे हा उपाय आहे आणि तो डॉक्टरांच्या एका भेटीत होण्यासारखा आहे. लघवीची गोळी मात्र या सुजेवरचे औषधच नव्हे. ते का, हे कळण्यासाठी सूज येते कशी हे आधी पाहावे लागेल.

आपल्या रोहिण्यांच्या, म्हणजे हृदयाकडून शरीराकडे रक्त नेणाऱ्या नळ्यांच्या, भिंतीत स्नायू असतो. तो आवळला की नळी अरुंद होते आणि दाब वाढतो. हा स्नायू आवळण्यासाठी पेशींत कॅल्शियम शिरावे लागते. ॲम्लोडिपिन ती वाट अडवते, त्यामुळे बारीक रोहिण्या सैलावतात आणि दाब उतरतो. अडचण अशी की केशवाहिन्यांतून रक्त परत नेणाऱ्या बारीक नीला या औषधाने तेवढ्या प्रमाणात सैल होत नाहीत. उसाच्या रानात पाटाचे दार पूर्ण उघडले आणि निचऱ्याची चारी मात्र होती तेवढीच अरुंद राहिली, तर पाणी सरीत तुंबते आणि कडेने झिरपू लागते. पायांत नेमके तेच घडते. केशवाहिन्यांतला दाब वाढून त्यांतला द्रव आजूबाजूच्या मांसात पाझरतो आणि उभे राहिल्याने तो घोट्यांशी उतरतो. शरीरातले एकूण पाणी वाढलेले नसते, ते फक्त नको त्या जागी गेलेले असते. म्हणूनच लघवीवाटे पाणी काढून टाकणाऱ्या गोळीचा येथे फारसा उपयोग होत नाही. सूज राहतेच, आणि शरीराला हवे असलेले पाणी व क्षार मात्र निघून जातात.

हा परिणाम मात्रेवर किती अवलंबून आहे ते या औषधाच्या मूळ चाचण्यांच्या आकड्यांतून दिसते. 5 मिलिग्रॅम घेणाऱ्या शंभरांपैकी सुमारे 3 जणांना सूज आली, तर 10 मिलिग्रॅम घेणाऱ्या शंभरांपैकी जवळजवळ 11 जणांना. औषध नसलेली नुसती गोळी घेणाऱ्यांत हे प्रमाण शंभरात एकापेक्षाही कमी होते. बायकांना हा त्रास पुरुषांच्या अडीचपट होतो. त्याच चाचण्यांत स्त्रियांमध्ये तो सुमारे 15 टक्के आणि पुरुषांमध्ये 6 टक्क्यांच्या आत आढळला. प्रत्यक्षात विचारून पाहिले, तर चाचण्यांतल्या आकड्यांपेक्षा जास्त बायका ‘हो, येते’ म्हणतात, असा माझा अनुभव आहे. न विचारता सांगणाऱ्या थोड्याच असतात. चप्पल बदलतात, जोडवी काढून ठेवतात आणि वय झाले असे समजून चालतात. त्यात साताऱ्याकडचा चैत्र-वैशाख असला, दिवसभर भांगलणीत उभे राहणे असले किंवा एसटीत पाय खाली सोडून चार तास बसणे झाले, की सूज आणखी ठळक होते.

आता किडनीची शंका. ॲम्लोडिपिन किडनी खराब करत नाही. किडनी आधीच अधू असलेल्या रुग्णांनाही हे औषध देता येते आणि त्यांच्यासाठी मात्रा कमी करावी लागत नाही. मात्रा जपून ठरवावी लागते ती यकृताच्या आजारात, कारण हे औषध यकृतात मोडले जाते. शेजारणीच्या बोलण्यात तथ्याचा एक तुकडा आहे, पण तो उलटा पकडलेला आहे. वर्षानुवर्षे वाढलेला रक्तदाब किडनी नक्की खराब करतो. किडनी बिघडलेल्या बहुतेकांना रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतात, म्हणून पाहणाऱ्याला गोळी दोषी वाटते.

तरीही पायांवरची प्रत्येक सूज गोळीवर ढकलू नये. संध्याकाळी आईंना पाय टेकवून बसवा आणि नडगीच्या हाडावर, घोट्याच्या चार बोटे वर, अंगठा दहा-पंधरा सेकंद दाबून धरा. खळगा पडला तर तेथे द्रव साठला आहे. तोच प्रयोग सकाळी अंथरुणातून उठण्यापूर्वी करा. गोळीची सूज साधारणपणे दोन्ही पायांवर सारखी असते आणि रात्रभर आडवे झाल्यावर सकाळी बरीच उतरलेली असते. याउलट सकाळी उठल्यावर डोळ्यांभोवती आणि चेहऱ्यावर फुगवटा दिसणे, लघवीला फेस येऊन तो न विरणे, हे किडनीकडे बोट दाखवते. चढ चढताना किंवा उताणे झोपल्यावर दम लागणे, उशा वाढवाव्या लागणे, चार-पाच दिवसांत वजन दोन-तीन किलोंनी वाढणे, ही हृदयाची लक्षणे आहेत. एकाच पायाची पोटरी सुजली, दुखू लागली, गरम लागली, तर नीलेत रक्ताची गुठळी झाली असण्याची शक्यता असते आणि त्यासाठी त्याच दिवशी दवाखाना गाठावा. थायरॉइडचा आजार, यकृताचा आजार आणि रक्तातले प्रथिन कमी होणे यांनीही पाय सुजतात, म्हणून डॉक्टर त्या तपासण्या सांगतील तर त्या अनावश्यक समजू नयेत.

यापेक्षा जास्त वेळा सापडणारे आणि कोणी न सांगणारे कारण म्हणजे गुडघेदुखीची गोळी. या वयाच्या आपल्याकडच्या बायकांपैकी कितीजणी मेडिकलमधून डायक्लोफेनॅक, ॲसेक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेन असलेली गोळी चिठ्ठीशिवाय आणून रोज घेतात, हे त्यांच्या पिशवीतल्या स्ट्रिपा टेबलावर ओतल्यावरच कळते. ही वेदनाशामके शरीरात मीठ आणि पाणी धरून ठेवतात, रक्तदाब चढवतात, रक्तदाबाच्या काही औषधांचा परिणाम कमी करतात आणि किडनीला खरी इजा करतात. तुमच्या आईंचा रक्तदाब 5 मिलिग्रॅमवर आटोक्यात असताना अचानक 160 वर का गेला, याचे उत्तर कदाचित येथेच मिळेल. तसे असेल तर मात्रा वाढवण्याची गरजच नव्हती. त्याचप्रमाणे गुडघ्यासाठी किंवा दम्यासाठी कोणी ‘हमखास गुण येणारी’ पुडी देत असेल, तर तीत स्टेरॉइड मिसळलेले असू शकते आणि त्यानेही सूज व रक्तदाब दोन्ही वाढतात. मधुमेहासाठी पायोग्लिटाझोन किंवा पायांच्या आगीसाठी प्रीगॅबालिन चालू असेल तर तेही डॉक्टरांना सांगावे. सूज आणणाऱ्या औषधांत या दोघांची गणना होते आणि ॲम्लोडिपिनच्या सोबतीने ती अधिक येते.

लघवीच्या गोळीबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण एका औषधाचा त्रास नवा आजार समजून त्यावर दुसरे औषध देणे, मग दुसऱ्याच्या त्रासावर तिसरे देणे, ही साखळी मला वारंवार दिसते. पत्रात गोळीचे नाव नाही, पण अशा वेळी बहुधा फ्युरोसेमाइड किंवा टॉर्सेमाइड दिलेले असते. त्यांनी पोटॅशियम आणि सोडियम कमी होऊ शकते, युरिक ॲसिड वाढून अंगठ्याचा सांधा धरू शकतो, उन्हाळ्यात अंगातले पाणी कमी होऊन उठताना चक्कर येऊ शकते. पोटऱ्यांत येणारे गोळे हे याच प्रकारातले असण्याचा संभव आहे. मग त्यांच्यासाठी कॅल्शियमच्या गोळ्या येतात, चक्करेसाठी आणखी एक, आणि मूळची 10 मिलिग्रॅमची गोळी तशीच राहते. तेव्हा ही लघवीची गोळी बंद करता येईल का, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारा आणि सोडियम, पोटॅशियम आणि किडनीचे काम दाखवणारे क्रिएटिनिन रक्तात तपासून घ्या. खूप गळून गेल्यासारखे वाटणे, उलट्या, बोलण्यात असंबद्धपणा असे काही असेल तर भेटीची वाट न पाहता जावे. येथे एक खबरदारी सर्वच वाचकांसाठी आहे. हृदय कमजोर असल्यामुळे किंवा किडनीच्या आजारामुळे ज्यांना हीच गोळी दिलेली आहे, त्यांनी हे वाचून ती सोडू नये, कारण त्यांच्या शरीरात पाणी खरोखरच वाढलेले असते.

गोळी सोडल्यावर काहीच झाले नाही, हा भाग मला सर्वांत जास्त काळजीचा वाटतो. ॲम्लोडिपिन शरीरातून फार सावकाश जाते. रक्तातले त्याचे प्रमाण निम्मे व्हायलाच 30 ते 50 तास लागतात. त्यामुळे एखादा दिवस गोळी चुकली तरी दाब एकदम उसळत नाही, आणि हा या औषधाचा मोठा गुण आहे. पण त्याच गुणामुळे सोडणाऱ्याला फसगत कळत नाही. पहिले दोन-तीन दिवस जुन्या गोळीचाच अंमल चालू असतो, त्यानंतर दाब हळूहळू चढतो आणि चढलेला रक्तदाब बहुतेकांना जाणवत नाही. आठ दिवसांत औषध जवळजवळ निघून गेलेले आहे, तेव्हा आज आईंना जे ‘बरे’ वाटते आहे ते दाब न मोजता मान्य करू नये. रक्तदाबाची सगळीच औषधे अशी सवड देत नाहीत, हेही सांगून ठेवतो. मेटोप्रोलॉल किंवा ॲटेनोलॉल घेणाऱ्याने, विशेषतः हृदयाच्या धमन्यांचा आजार असलेल्याने, ती एकाएकी सोडली तर छातीत दुखणे उसळू शकते, झटकाही येऊ शकतो. क्लोनिडिन अचानक थांबवले तर दाब एक-दोन दिवसांत भयंकर वाढू शकतो.

म्हणून आजच दाब मोजा. आईंना पाच मिनिटे पाठ टेकवून, पाय जमिनीवर ठेवून बसवा. हात टेबलावर हृदयाच्या उंचीला ठेवा, पट्टा उघड्या दंडावर बांधा, त्या वेळी बोलू नका आणि एक-दोन मिनिटांच्या अंतराने दोनदा मोजून दोन्ही आकडे वहीत लिहा. वरचा आकडा 180 च्या वर किंवा खालचा 120 च्या वर असेल आणि त्यासोबत छातीत दुखणे, दम, बोलणे अडखळणे, हातपाय लुळे पडणे किंवा दृष्टी धूसर होणे असे काही असेल, तर ती तातडीची वेळ आहे. तसे काही नसेल तर दोन-तीन दिवसांत डॉक्टरांची भेट घ्या आणि तोपर्यंत काय घ्यावे हे फोनवर विचारा. त्यांच्या जागी मी असतो तर पूर्वी वर्षभर सोसलेली 5 मिलिग्रॅमची गोळी तेवढ्यापुरती सुरू करायला सांगितली असती. 10 ची स्ट्रिप उरली आहे म्हणून तीच परत सुरू करू नये.

भेटीत बहुधा दोनपैकी एक मार्ग निघेल. पहिला मार्ग म्हणजे ॲम्लोडिपिन 5 वर आणून त्याच्या जोडीला टेल्मिसार्टनसारखे औषध देणे. 5 ची 10 केल्याने दाब जेवढा उतरतो, त्यापेक्षा दुसऱ्या जातीचे औषध थोडे जोडल्याने तो सहसा जास्त उतरतो. शिवाय टेल्मिसार्टनच्या वर्गातली औषधे परतीच्या नीलाही सैल करतात, म्हणजे निचऱ्याची चारी रुंद करतात, त्यामुळे सूजही कमी होते. मला हाच मार्ग पसंत आहे. ही गोळी सुरू केल्यावर दोन ते चार आठवड्यांत क्रिएटिनिन आणि पोटॅशियम तपासावे लागते, आणि गर्भवती स्त्रियांना ती चालत नाही. दुसरा मार्ग म्हणजे ॲम्लोडिपिनऐवजी सिल्निडिपिन देणे. त्याच कुळातल्या या औषधाने सूज बरीच कमी येते. ते वाईट नाही, परंतु हृदयविकाराचा झटका आणि पक्षाघात टळतात का, याचा मोठ्या चाचण्यांतला पुरावा ॲम्लोडिपिनजवळ कितीतरी अधिक आहे. अमेरिकेतील ॲलहॅट या 2002 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत 33 हजारांहून अधिक रुग्ण होते आणि त्यात ॲम्लोडिपिनची जुन्या, भरवशाच्या औषधांशी थेट तुलना झाली होती. उच्च रक्तदाब नियंत्रणाचा राष्ट्रीय उपक्रम सुरू झाला तेव्हा पहिल्या जिल्ह्यांत आपला सातारा होता, आणि त्या उपक्रमातही हे औषध मुख्य औषधांपैकी एक आहे. स्वस्त आहे, दिवसातून एकदा पुरते, रक्ताच्या तपासण्या मागत नाही. घोटे सुजले म्हणून त्याचे नावच टाकून द्यावे असे मला वाटत नाही.

गोळ्या बदलताना स्ट्रिपवरचे आकडे नीट पाहा. आपल्याकडे एस-ॲम्लोडिपिन नावाचा प्रकारही मिळतो आणि त्याची 2.5 मिलिग्रॅमची गोळी साध्या ॲम्लोडिपिनच्या 5 मिलिग्रॅमइतकी असते. नाव जवळजवळ तेच असल्यामुळे एकाच्या जागी दुसरी त्याच आकड्याने घेतली, तर मात्रा निम्मी किंवा दुप्पट होते. दुसरा घोटाळा जोडगोळीचा. टेल्मिसार्टन आणि ॲम्लोडिपिन एकत्र असलेली गोळी सुरू झाली, तरी घरातली जुनी ॲम्लोडिपिनची स्ट्रिप संपेपर्यंत ‘वाया नको जायला’ म्हणून चालू राहते. ब्रँडची नावे वेगळी असल्याने दोन्हींत एकच औषध आहे हे लक्षात येत नाही. मोठ्या अक्षरांतले नाव सोडून खालची बारीक अक्षरे वाचावीत. पाच-सहा गोळ्या कात्रीने कापून घेतल्या तर त्या तुकड्यावर ही अक्षरे बहुधा नसतातच, म्हणून पूर्ण स्ट्रिप घ्यावी.

या गोळीचे इतर त्रास तुलनेने हलके आहेत. सुरुवातीच्या आठवड्यांत चेहरा गरम होणे, डोके जड होणे, छातीत धडधडणे हे होते आणि बऱ्याचदा आपोआप ओसरते. हिरड्या जाड होऊन दातांवर चढणे हा कमी आढळणारा, पण चुकून दातांचाच आजार समजला जाणारा परिणाम आहे. दंतवैद्याकडे गेल्यास या गोळीचे नाव सांगावे. ओठ, जीभ किंवा घसा सुजणे अत्यंत विरळ, पण तसे झाल्यास तत्काळ दवाखान्यात न्यावे. कोलेस्टेरॉलसाठी सिमव्हास्टॅटिन चालू असेल तर त्याची मात्रा 20 मिलिग्रॅमच्या वर नेऊ नये. सध्या बहुतेकांना ॲटॉर्वास्टॅटिन किंवा रोसुव्हास्टॅटिन दिले जाते, त्यांना हे बंधन नाही. छातीच्या संसर्गासाठी क्लॅरिथ्रोमायसिन दिले गेले तर ॲम्लोडिपिनचे रक्तातले प्रमाण वाढून वृद्धांमध्ये दाब फार खाली जाऊ शकतो. गोळी रात्री घेतली की सूज येत नाही असे सांगणारे भेटतात. वेळ सकाळची असो वा रात्रीची, झटका आणि पक्षाघात यांच्या प्रमाणात फरक पडत नाही, हे 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील मोठ्या चाचणीत दिसले आहे. आईंना जी वेळ लक्षात राहते ती चांगली.

मिठाबाबत एवढेच, की दिवसाला सगळे मिळून 5 ग्रॅम, म्हणजे एक छोटा चमचा, ही मर्यादा आहे आणि लोणचे, पापड, खारवलेल्या मिरच्या व बेकरीची खारी त्यातच मोजायची. सैंधवही मीठच आहे. ‘कमी सोडियमचे’ म्हणून मिळणाऱ्या मिठात पोटॅशियम असते, ते टेल्मिसार्टन चालू असताना डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नये.

मात्रा 5 वर आली की सूज उतरायला साधारण एक ते दोन आठवडे लागतील. तोपर्यंत दुपारी अर्धा तास पायांखाली दोन उशा घेऊन आडवे व्हावे आणि एका जागी फार वेळ उभे राहू नये. आठवड्यातून दोन-तीन दिवस सकाळी, गोळी घेण्यापूर्वी, दाब मोजून वहीत लिहावा. दोन आठवड्यांनंतरही सकाळी नडगीवर खळगा पडत असेल, तर सूज केवळ गोळीची नाही असे समजून लघवीतील प्रथिन, थायरॉइड आणि ईसीजी या तपासण्यांसाठी ती वही आणि घरातल्या सगळ्या स्ट्रिपा, गुडघ्याच्या गोळ्यांसकट, घेऊन जावे.